वैयक्तिक कारणास्तव

फाइल जाड नव्हती.
जाड फायली बऱ्या, सगळं ओकून मोकळ्या होतात.
ही सडपातळ. पदव्यांच्या झेरॉक्स, हसरा फोटो,
आणि एका मार्चपासून पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत
काहीच नाही.
तिथे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं,
बारीक, खोडता येईल असं.

माझं काम तेवढंच.
भांडुपला, टायरच्या दुकानांवर, साठ खाटांच्या हॉस्पिटलात
आलेला माणूस कागदाशी जुळवून बघायचा.

त्यांच्या आधीच्या ठिकाणी फोन लावला.
या टेबलावरून त्या टेबलावर फिरत
शेवटी कुणी तुस्कानो सिस्टर आल्या.
नाव सांगितलं, तशा गप्पच झाल्या.
मागे एक मॉनिटर वाजत होता, तो मी ऐकत राहिले.
मग म्हणाल्या, "रात्रपाळीला एकटं ठेवू नका."
"म्हणजे?"
"म्हणजे रात्रपाळीला एकटं ठेवू नका हो."
आणि फोन ठेवला.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शोधलं तेव्हा सापडलं थोडं थोडं:
कौन्सिलची नोटीस, नोंदणी सहा महिने स्थगित,
मग पूर्ववत.
पोलीस ठाण्यात एका बाईचा जबाब,
भूल उतरताना आपल्याला काय काय कळत होतं, त्याचा.
नंतर समेट.
समेटाच्या कागदावर तिचा अंगठा होता.
जबाबावर मात्र सही.

धुमाळ साहेबांनी फाइल उलटीच धरली होती.
"रात्री अडीचला भूल द्यायला कोण येतं, तुम्ही?
सिझर थांबतं का कुणासाठी?
नोंदणी चालू आहे ना? मग?
आपण काय न्यायाधीश आहोत?"
बिस्कीट तुटून चहात पडलं.
ते त्यांनी चमच्याने शोधून खाल्लं.
खोटं बोलत नव्हते ते. अडीचला खरंच कोणी येत नाही.

जागेवर येऊन मी सेवामुक्तीचं पत्र पुन्हा वाचलं.
"वैयक्तिक कारणास्तव.
पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा."
वाक्य ओळखीचं वाटलं.
माझंच होतं ते. म्हणजे, मीही टाइप केलेलं,
आमच्या त्या सर्जनसाठी,
ज्यांच्या मास्कमधून सकाळीच वास यायचा.
शुभेच्छांच्या आधी 'हार्दिक' मी माझ्या मनाने घातलं होतं,
ओळ आखूड दिसत होती म्हणून.

आणि एक फोन आला होता, आता आठवलं.
कुणी मुलगी, बहुधा नवीन, आवाज कापरा.
माझा डबा उघडा होता, भेंडी गार होत होती.
मी म्हटलं होतं, चांगले आहेत. वेळेवर यायचे.
वेळेवर यायचेच ते.

ते सर्जन आता कुठल्या गावात आहेत,
त्या मुलीने प्रश्नचिन्ह खोडलं की काढलंच नव्हतं,
मला ठाऊक नाही.

मंगळवारी खालच्या बोर्डावर पितळी पट्टी लागली.
जुन्या नावाची दोन भोकं नव्या नावाला नेमकी बसली.
ड्रिल घेऊन आलेला गडी ड्रिल न काढताच गेला.
मी लेबर रूममधल्या तांडेल सिस्टरना बाजूला घेतलं,
तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या,
"कळलंय. आम्ही दोघी दोघी राहतोय."
या शहरात एक रजिस्टर असंही आहे,
कोणी लिहीत नाही, कोणी सही करत नाही,
सगळ्या सिस्टरना पाठ.

संध्याकाळी बोर्डापुढे एक पोटुशी बाई,
कमरेला हात लावून
पितळेवरची अक्षरं एकेक जुळवत होती.
"हे नवे का? कसे आहेत हो?"
माझ्या नखांत खोडरबरचा चुरा.
म्हटलं, "तुम्ही... तुम्ही दिवसाची वेळ मागून घ्या."
ती खळखळून हसली.
"बाळंतपण काय घड्याळ बघून येतं, ताई?"